कमी आकडा

"काय हे किडेमुंगळे! कुणाचं अक्षर आहे, देव जाणे," पडद्यापलीकडून चैताली पुटपुटली. मी पडद्याच्या अलीकडे, तिच्यापासून हातभर अंतरावर, अंबाजीबाबांच्या दंडाला पट्टा आवळून शीर चाचपत होते. अंबाजीबाबांना ऐकायला कमी येतं, हे अख्ख्या तळेगावाला माहीत आहे. पण नको ते त्यांना नेमकं ऐकू येतं. "बाई, ती पोरगी तुमालाच म्हनती व्हय?" त्यांनी साऱ्या लॅबला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं. मी म्हटलं, "बाबा, हात सैल सोडा आणि मूठ आवळा." हे दोन्ही एकदम कसं करायचं, या विचारात ते गप्प झाले आणि तेवढ्यात मी सुई घातली. अक्षर माझंच होतं. माझी शाळा सातवीत सुटली. इंग्रजी अक्षरं मी बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या बघून शिकले, आकडे मशीनच्या पडद्यावर बघून. लॅबमध्ये आले ती काचेच्या नळ्या धुवायला. मग एकदा रक्त घेणारा मुलगा आला नाही, म्हणून सरांनी सुई माझ्या हातात दिली ती अजून माझ्याच हातात आहे. त्यामुळे अक्षराला कोणी काही म्हटलं तर मला राग येत नाही, उलट जरा गंमत वाटते, की अक्षर म्हणण्याइतपत तरी ते झालं. पण मग चैतालीनं पडदा सारला, वही माझ्यापुढे धरली, एका ओळीवर बोट ठेवलं. "हिराताई, सॉरी हां, हा तेरा आहे ना? सत्तेचाळीस नंबर." मी न बघताच म्हणाले, "तेरा. तेराच आहे तो." आणि बोलून झाल्यावर माझेच शब्द माझ्या कानात असे परत आले, की जणू ते मी आत्ता म्हटलेच नव्हते, साडेतीन वर्षांपूर्वी म्हटलेले आत्ता पोचले होते.

अंबाजीबाबांच्या हातावर कापूस दाबून धरला होता तो मी किती वेळ धरला कोण जाणे. "सोडा आता, घरी न्यायचाय मला त्यो हात," ते म्हणाले तेव्हा भानावर आले.

आमची लॅब स्टेशनच्या रस्त्यावर, मिठाईच्या दुकानाच्या माडीवर आहे. उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्यांना जिलबीचा वास फुकट. चैताली गेले आठ दिवस पुण्याहून स्कूटरवर येते, खिडकीपाशी बसते आणि आमच्या जुन्या वह्या उपसते. करोना झालेल्यांच्या नाकाघशात किती विषाणू होता, डेल्टावाल्यांच्या जास्त की ओमिक्रॉनवाल्यांच्या, यावर ती प्रबंध लिहिते आहे. मोठ्या शहरांचं लिहून झालंय म्हणे, तिला आमच्यासारख्या आडबाजूच्या गावांचं हवंय. तेव्हा नमुने आम्ही घ्यायचो, तपासणी पुण्याला व्हायची, रिपोर्ट मेलवर यायचा आणि त्यातला सीटी म्हणतात तो एक आकडा मी वहीत उतरवून ठेवायचे. सरांनी सांगितलं होतं, उतरव. कशाला, ते तेव्हा विचारायला वेळ नव्हता. रोज सव्वाशे-दीडशे माणसं जिन्यावरून खाली रस्त्यापर्यंत उभी, आणि मी त्या पांढऱ्या प्लास्टिकच्या पोशाखात सकाळी आठला शिरले की दुपारी तीनला बाहेर. आत घामाचा ओघळ मानेपासून टाचेपर्यंत न थांबता जातो, आणि आपण त्याचा प्रवास मनातल्या मनात मोजत उभं राहतो, हे ज्यानं तो पोशाख घातलाय त्यालाच कळेल.

सत्तेचाळीस नंबर म्हणजे संदेश. माझा धाकटा दीर. उर्श्याच्या टोलनाक्यावर कामाला होता. फास्टॅग सक्तीचा झाला तरी निम्म्या गाड्यांचा तो चालायचा नाही, मग हा हातातलं यंत्र घेऊन प्रत्येक खिडकीशी जायचा, काच खाली व्हायची आणि आतली गार हवा याच्या तोंडावर यायची. "सगळ्या मुंबईचा श्वास रोज फुकटात घेतोय, वहिनी," असं तो म्हणायचा. एप्रिलमध्ये ताप आला तेव्हा त्याचा नमुना मीच घेतला. काडी आत गेली तसे त्याचे डोळे भरले. सगळ्यांचेच भरतात, त्यात दुःख नसतं, नाकाची आणि डोळ्यांची आतून वाट एक आहे एवढंच. "वहिनी, मेंदूपर्यंत चाललाय का? तितं काय सापडायचं न्हाई," तो म्हणाला. मी हसले, मास्कच्या, काचेच्या आणि प्लास्टिकच्या आड हसलेलं त्याला दिसलं की नाही, हा प्रश्न मला अजूनही अधूनमधून पडतो. काडी मी पुरती फिरवली. माझा हात चांगला आहे. वरवर फिरवून काढणारे पुष्कळ होते, मी तशातली नव्हे.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला समीक्षाचा फोन आला. समीक्षा म्हणजे संदेशची बायको, माझी धाकटी जाऊ. माझ्या दोन्ही हातांत हातमोजे, फोन सरांच्या टेबलावर स्पीकरवर, समोर रांग. ती म्हणाली, "ताई, मोबाइलवर रिपोर्ट आला. पॉझिटिव्ह आहे. तेरा लिहिलंय पुढं. गेणूभावजींचा फोन आलाय, सोमाटण्याला एक बेड आहे, ऑक्सिजनचा, त्यांच्या ओळखीनं दोन वाजेपर्यंत धरून ठेवलाय. न्यायचं का?" गेणू म्हणजे टोलवरचा, संदेशच्या शेजारच्या खिडकीवरचा. मी म्हणाले, "तेराच आहे ना? मग कमीच आहे गं. लोकांना तीस-तीस, पस्तीस येतायत. तिथं नेऊन आणखी काही लागायचं. घरीच ठेव, वाफ दे." फोन ठेवून मी पुढच्या माणसाला म्हटलं, "मान वर करा." एवढंच. अर्धं मिनिटसुद्धा नाही. मी नंतर ते घड्याळ लावून म्हणून पाहिलंय, एकटी असताना, स्वयंपाकघरात. बावीस सेकंद लागतात.

कमी म्हणजे बरं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं, ते वीस वर्षांत अंगात मुरलं होतं. साखर कमी आली की माणूस जिना उतरताना शीळ घालतो. कोलेस्टेरॉल कमी, क्रिएटिनीन कमी, प्रेशर कमी. कमी म्हटलं की समोरचा चेहरा सैल होतो आणि तो सैल झालेला चेहरा बघायची मला चटक लागलेली. हो, हिमोग्लोबिन कमी म्हणजे वाईट, प्लेटलेट कमी म्हणजे वाईट, हेही मला ठाऊक होतंच की. मग त्या बावीस सेकंदांत मला साखर आठवली आणि रक्त का आठवलं नाही? याचं उत्तर मी दर खेपेला वेगळं देते. कधी म्हणते दमले होते. कधी म्हणते लोक पस्तिशी आली की घाबरत होते, त्यांचं बघून मला वाटलं. कधी कधी, भांडी घासताना वगैरे, एक तिसरंच उत्तर येतं: समीक्षानं मला विचारलं, सरांना नाही, सातवी शिकलेल्या मला विचारलं, आणि मला ते गोड लागलं. न्यायचं का म्हणून कोणी आपल्याला विचारावं आणि आपण फडाफड सांगावं. हे उत्तर आलं की मी नळ जोरात सोडते.

पाचव्या दिवशी पहाटे संदेशला टेम्पोत घातलं, वडगावच्या अलीकडे तो गेला.

उलटं असतं हे मला तीन आठवड्यांनी कळलं. सर फोनवर कुणाला तरी समजावत होते. म्हणाले, मशीन नमुन्यातला विषाणू दर फेरीला दुप्पट करत जातं, दिसेपर्यंत. मुळात भरपूर असला की थोड्या फेऱ्यांतच दिसतो. म्हणून आकडा जितका कमी, तितका विषाणू जास्त. मी तेव्हा फरशी पुसत होते. झाडलोटीच्या मावशीही आजारी होत्या, म्हणून तेही मीच. फरशीवर फडकं तसंच राहिलं. मी ते माझ्या भाषेत करून घेतलं: म्हणजे गावात जाऊन हाक मारण्यासारखं आहे. कोणी एकटंदुकटं लपलेलं असलं तर तीस-तीस हाका माराव्या लागतात. आणि अख्खं वऱ्हाड उतरलेलं असलं तर पहिल्या दहा-बारा हाकांतच ओ येते. संदेशच्या आत तेरा हाकांत ओ आली होती. सरांनी फोन ठेवला आणि म्हणाले, "हिराताई, तिथं ओलं राहिलंय." मी पुसलं.

घरी याबद्दल कोणी कधी बोललं नाही, कारण बोलायला एक वाक्य आधीच तयार होतं. संदेशच्या पुण्यानुमोदनाच्या विधीच्या दिवशी, वीसच माणसं बोलवायची परवानगी, सगळे अंगणात लांब लांब बसलेले, वंदना झाल्यावर कुणीतरी विचारलं, काय झालं हो नेमकं? आणि कुणी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "बेड मिळाला न्हाई." आम्ही त्यांना आत्या म्हणतो, नंदाबाई त्यांचं नाव. सगळ्यांनी माना हलवल्या. त्या महिन्यात हे वाक्य मावळात घरोघर होतं आणि बहुतेक घरांत ते खरंच होतं. आमच्याही घरात ते राहायला आलं. आमचे हे म्हणायचे, समीक्षा म्हणायची, तिचा प्रज्ञेश शाळेत सांगायचा, मीही म्हणायचे. इतकं, की कधी कधी मला दिसायचं, मी स्वतः दवाखान्या-दवाखान्यांतून बेडसाठी फिरतेय. मी तर कुठेच गेले नव्हते.

मग जानेवारीत ओमिक्रॉन आला. समीक्षा तोवर लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानात लागली होती. भुशी धरणाकडे जाणाऱ्या-येणाऱ्यांची गर्दी, चव बघायला तुकडे पुढे करायचे, त्यांनी मास्क खाली करून खायचे. तिला ताप आला. नमुना मीच घेतला, रिपोर्ट मीच बघितला: बारा. संदेशपेक्षाही एक हाक कमी. मी फोन केला आणि एवढंच म्हणाले, "बारा आलाय." पलीकडून ती म्हणाली, "बारा म्हणजे लय आहे ना, ताई?" मी म्हणाले, "हॅलो? हॅलो, आवाज येत नाही," आणि फोन बंद केला. तेव्हा मी लॅबच्या जिन्यात उभी होते आणि रेंज पुरेपूर होती. चौथ्या दिवशी समीक्षा उठली, सहाव्या दिवशी चिक्की भरायला गेली. पण ते ‘लय आहे ना’ माझ्यापाशी राहिलं. साधं विचारलं तिनं? दुकानात गिऱ्हाइकांच्या बोलण्यातून कळलं असेल? की तिला मला काही सांगायचं होतं? आवाज कसा होता तो, ते मी इतक्या वेळा आठवलंय की आता मूळ आवाज झिजून गेलाय, माझ्या आठवण्याचाच आवाज उरलाय.

चैतालीनं दुपारी डबा खाता खाता मला तिच्या लॅपटॉपचा पडदा दाखवला. एक माणूस म्हणजे एक ठिपका. डेल्टाचे नारिंगी, ओमिक्रॉनचे निळे. खाली जितका ठिपका तितका विषाणू जास्त. मला वाटलं होतं नारिंगी सगळे खाली बुडालेले असतील आणि निळे वर तरंगत असतील. तसं काहीच नव्हतं. दोन्ही रंग सगळीकडे, मुरमुऱ्यात शेव मिसळावी तसे. "ॲक्च्युअली आपल्या एवढ्याशा नमुन्यात फार फरक नाहीये," ती म्हणाली. "सरासरीत थोडासा. पण ताप आल्यावर कितव्या दिवशी नमुना घेतला, किती नीट घेतला, बर्फात ठेवला का, त्यावरही आकडा हलतो. आणि जानेवारीपर्यंत लोकांच्या लसी झाल्या होत्या." मी अगदी तळाशी शोधत होते. एक नारिंगी आणि त्याच्या जरासा खाली एक निळा, जवळजवळ चिकटून. एका घरातले नवरा-बायको तिथं शेजारी शेजारी होते आणि चैतालीला ते माहीत नव्हतं, ठिपक्यांना नुसते नंबर. मी विचारलं, "मग हे तळाचे नारिंगी, हे सगळे गेले का?" ती म्हणाली, "छे, बरेचसे बरे झाले. आणि हा बघा, एकतीसवाला वर आहे, तो गेलाय." मी म्हणाले, "म्हणजे तेरावाल्याला वेळेवर नेलं असतं तर तो वाचला असता, असं नाही म्हणता येणार." माझा घास हातातच होता. तिनं मटकीतली मिरची बाजूला काढली. "एका माणसाबद्दल यातून काहीच सांगता येत नाही, हिराताई. गटाबद्दल सांगता येतं." "वाचला नसता, असंही नाही?" "नाही ना." मग एका माणसाबद्दल कोण सांगणार, हे मी विचारलं नाही. इतकी वर्षं मला वाटायचं, हे उत्तर कुठल्यातरी शिकलेल्या माणसाकडे असेल, आणि तो एक दिवस आपल्या लॅबचा जिना चढून येईल. ती आली. मटकी खात बसली होती.

आणि मग ती म्हणाली की जे गेले त्यांच्या घरी जाऊन चार प्रश्न विचारायचे आहेत, संमतीची सही हवी आहे, आणि लोक तिला दारात उभं करत नाहीत, तर मी बरोबर येईन का. सरांकडून घेतलेल्या नावांच्या यादीत पहिलाच सत्तेचाळीस नंबर. आडनाव बघून ती म्हणाली, "तुमच्यातले कोणी?" मी म्हटलं, "दीर." तिचा चेहरा इतका कसनुसा झाला, की मलाच तिला म्हणावं लागलं, "अगं, चल. बुधवारी समीक्षाची सुट्टी असते."

बुधवारी चैतालीच्या स्कूटरवर मागे बसून उर्श्याला, समीक्षा आणि आत्या राहतात तिथं, गेले. उर्श्यात शिरलं की एक्सप्रेसवेचा आवाज सुरू होतो आणि मग तो थांबतच नाही. तिथली माणसं म्हणतात, आम्हाला ऐकूच येत नाही. भाताची झोडणी झालेली, अंगणात पेंढ्याचा उबट वास. आत्या ओट्यावर सुपात इंद्रायणी पाखडत होत्या. चैतालीला बघून म्हणाल्या, "ही कोन? आनि त्यो मेला रोग आता कशापायी उकरता गं पोरींनो, कोंबडीवानी?" चैताली म्हणाली, "आजी, पुढच्यांना उपयोग होईल." "पुडच्यांस्नी व्हय," आत्या म्हणाल्या, "मागच्यांस्नी तर कुनी इचारलं न्हाई," आणि हसून तिच्यासाठी सरकून जागा केली. समीक्षानं चहा आणला. तिच्या बोटांना चिक्कीच्या गरम गुळाचे बारीक डाग पडलेत, ते मी पूर्वी कधी नीट बघितले नव्हते. ती माझ्याकडे पाहून हसली, नेहमीसारखं. मला वाटलं, या घरात मी आजवर किती चहा प्यायलेय.

चैतालीनं फोनवर फॉर्म उघडला. ताप कधी आला? समीक्षानं सांगितलं. नमुना कितव्या दिवशी? तिसऱ्या. सांगताना तिचा आवाज सपाट, जणू दुकानात भाव सांगतेय. "दवाखान्यात न्यायला उशीर का झाला?" चैतालीनं हळू विचारलं. समीक्षा कपाच्या कानाकडे बघत म्हणाली, "बेड मिळाला नाही." आत्यांचं सूप थांबलं. "व्हय, बेड न्हवता कुटं," त्या म्हणाल्या, आणि सूप पुन्हा सुरू झालं. दोघींपैकी कोणीही माझ्याकडे पाहिलं नाही. आणि त्या न पाहण्यातूनच मला ते समजलं. चुकून न बघणं वेगळं असतं. हे ठरवून होतं, सवयीचं, दोघींना सारखं जमणारं. बाळ झोपलेल्या खोलीत बायका जशा पाय न वाजवता वावरतात तशा या दोघी साडेतीन वर्षं माझ्याभोवती वावरत होत्या. समीक्षाला त्या जानेवारीत माहीत होतं. कदाचित आधीपासून. आत्यांनाही. पुण्यानुमोदनाला त्यांनी ते वाक्य इतक्या घाईनं का म्हटलं होतं, कुणी तोंड उघडायच्या आत, हे मला आज, भाताच्या तुसात बसून कळत होतं. ते वाक्य त्यांनी माझ्या अंगावर पांघरलं होतं. आणि मी त्याच्याखाली निवांत पडून, या दोघींना काही ठाऊक नाही बरं का, म्हणून स्वतःला हुशार समजत होते. मला लाज वाटायला हवी होती, वाटलीही असेल. पण आधी राग आला, खोटं कशाला सांगू, मला आधी रागच आला. की तुम्ही मला सांगितलं का नाही, तोंडावर का नाही मारलंत. कोणी आपल्याला इतकं सांभाळावं, आणि आपल्याला विचारूही नये.

"शेवटचा," चैताली म्हणाली. "रिपोर्ट आल्यावर कुणाचा सल्ला घेतला होता का? डॉक्टर, नातेवाईक?"

एक ट्रक वर एक्सप्रेसवेवर गिअर बदलत चढला. समीक्षानं पदरानं बोटं पुसली.

"कुणाचाच नाही," ती म्हणाली.

चैतालीचं बोट फोनच्या पडद्याकडे निघालं. मी तिच्या मनगटावर हात ठेवला. नाडी बघायला ठेवते तसा ठेवला गेला, सवयीनं.

"माझा घेतला होता," मी म्हणाले. "ताई, राहू द्या," समीक्षा म्हणाली. आत्या म्हणाल्या, "हिरा, च्या निवला तुजा." माझा आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला, लॅबमध्ये नाव पुकारताना निघतो तसा.

"सोमाटण्याला बेड होता, समीक्षा. दोन वाजेपर्यंत. तू मला विचारलंस आणि मी म्हणाले, तेरा म्हणजे कमी, घरीच ठेव. ते उलटं असतं हे मला तीन आठवड्यांनी कळलं. कळल्यावरही मी तुला सांगितलं नाही."